पूर्वज मान्य करणारे बंड : ‘लंडन कॉलिंग’

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, बखर किंवा दप्तरातला मोडीतला कागद येतो. आजच्या धाग्यातले साधन काळ्या प्लॅस्टिकच्या दोन तबकड्यांवर कोरलेले आहे. ‘द क्लॅश’ या लंडनच्या चौघांच्या बँडचा ‘लंडन कॉलिंग’ हा अल्बम १४ डिसेंबर १९७९ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. दोन तबकड्या, एकोणीस गाणी.

गाणी ऐकलेली नसली तरी त्याचे मुखपृष्ठ तुमच्या पाहण्यात आले असेल. कृष्णधवल, किंचित धूसर छायाचित्र. कमरेत पूर्ण वाकलेला एक तरुण हातातले बास गिटार कुऱ्हाडीसारखे उगारून रंगमंचावर आपटण्याच्या बेतात आहे. हे चित्र टी-शर्टांवर आले, वसतिगृहांच्या भिंतींवर आले, आणि पंक म्हणजे काय या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर होऊन बसले : मोडा, फोडा, मागे काही ठेवू नका.

माझे म्हणणे या चित्राच्या बरोबर उलट आहे. मागचे सारे पुसून टाकल्याची घोषणा पंकने जन्मतःच केली होती. ‘लंडन कॉलिंग’ने ती घोषणा मागे घेतली. या अल्बमचा जो टिकाऊ प्रभाव आहे, तो त्या माघारीतून आलेला आहे, आणि इतिहासाची आवड असणाऱ्यांनी त्याकडे वळावे याचे कारणही तेच आहे.

थोडे मागे जाऊ.

१९७६ चे ब्रिटन. साम्राज्य गेलेले, कारखाने बंद पडत चाललेले, बेरोजगारांचा आकडा दहा लाखांच्या वर, आणि सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात कर्जासाठी उभे. साठच्या दशकात बंडखोर म्हणून मिरवलेले रॉक गायक तोवर गढ्यांमध्ये राहू लागले होते. त्यांची एकेक गाणी पाऊण तबकडी व्यापत होती. शाळा सोडलेल्या, खिसा रिकामा असलेल्या मुलांना त्या संगीतात स्वतःचे काही सापडत नव्हते. तीन सूर येत असतील तर बँड काढा, दोन मिनिटांत गाणे संपवा, हा पंकचा मंत्र अशा वेळी मोठाच दिलासा होता.

त्या मंत्रासोबत एक अट आली. जुने काही चालणार नाही. क्लॅशने स्वतः १९७७ च्या मार्चमध्ये एक गाणे काढले. त्याचे नावच ‘१९७७’. त्यात एल्व्हिस, बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या तिघांनाही नव्या वर्षाच्या दारातून हाकलून दिले होते. पाटी कोरी.

कोऱ्या पाटीचे आकर्षण तरुणपणी कोणाला नसते? फ्रेंच क्रांतिकारकांनी कालगणनाच पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू केली होती. पण कोरी पाटी ही निरुपद्रवी वस्तू नसते. ती पुसताना कोणाचे नाव पुसले गेले हे पाहावे लागते. १९७६ च्या लंडनमध्ये पाटी पुसण्याची भाषा आणखी एक मंडळी करत होती.

त्या मंडळींचे नाव नॅशनल फ्रंट. कॅरिबियन बेटांतून आणि भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांना परत पाठवा, ही त्यांची मुख्य मागणी. बेटांवरची माणसे काही चोरून आलेली नव्हती. ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरीच्या धक्क्याला लागले, त्यातले प्रवासी २२ जून १९४८ रोजी ब्रिटिश प्रजानन म्हणूनच उतरले होते. महायुद्धानंतरच्या ब्रिटनला बस चालवायला, रुग्णालये सांभाळायला, गिरण्यांत रात्रपाळी करायला हात हवे होते. तीस वर्षांनी त्या हातांना घर रिकामे करायला सांगितले जात होते.

या भाषेला प्रतिष्ठा दिली ती इनॉक पॉवेल या विद्वान खासदाराने, २० एप्रिल १९६८ च्या बर्मिंगहॅममधल्या भाषणात. (हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात लष्करी अधिकारी म्हणून भारतात होते आणि आपण एक दिवस इथले व्हाइसरॉय व्हावे अशी त्यांची मनीषा होती. साम्राज्य आपल्या घरी आले की साम्राज्यवाद्यांची कशी तारांबळ उडते, याचा हा नमुना.) त्याच बर्मिंगहॅममध्ये ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाने भर कार्यक्रमात पॉवेलची तळी उचलली. ज्याची सारी कारकीर्द कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूजवर उभी होती, आणि ज्याने दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्लीचे गाणे गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला होता, त्याने! विस्मरणाचे याहून लख्ख उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याआधी दोनच महिने, ४ जून १९७६ रोजी, पश्चिम लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या शीख मुलाचा भर रस्त्यात भोसकून खून झाला होता. साउथॉलच्या आशियाई तरुणांनी स्वतःची संघटना उभारली ती त्यानंतर. क्लॅप्टनच्या बरळण्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ जन्मली.

आणि पंकवाले कुठे होते? दोन्हीकडे. केवळ लोकांना धक्का द्यायचा म्हणून काही पंक तारे नाझींचे चिन्ह दंडावर मिरवत होते. ज्याला मागचे काही आठवायचेच नाही, त्याला ते चिन्ह म्हणजे नुसता चटकदार बिल्ला वाटणार. कोऱ्या पाटीचा धोका तो हाच.

क्लॅशने बाजू निवडली. ३० एप्रिल १९७८ रोजी पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये या चळवळीचा मोठा मेळा भरला. ट्रॅफल्गर चौकातून मैलोगणती चालत आलेल्या हजारो लोकांसमोर क्लॅश वाजले, स्टील पल्स हा रेगे बँड वाजला, आणि सोमाली पित्याची मुलगी पॉली स्टायरीन तिच्या एक्स-रे स्पेक्ससह गायली. गर्दीत बिली ब्रॅग नावाचा एक तरुण होता. पुढे राजकीय गाणी लिहिणारा मोठा गायक झाल्यावर त्याने अनेकदा सांगितले आहे की आपल्या राजकारणाची सुरुवात त्या दिवशी झाली. त्याच दिवशी क्लॅशचा गायक जो स्ट्रमर इटलीतल्या ‘रेड ब्रिगेड’ या सशस्त्र गटाचे नाव मिरवणारा शर्ट घालून मंचावर आला होता. त्याच सुमारास तो गट इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना ओलीस ठेवून बसला होता, आणि नऊ दिवसांनी त्यांचा मृतदेह मिळाला. शुद्ध मूर्खपणा होता तो. या बँडवर प्रेम करणाऱ्यांनीही तो झाकून ठेवू नये.

स्ट्रमरबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या की त्याची तळमळ समजते. त्याचे खरे नाव जॉन मेलर. जन्म १९५२ मध्ये तुर्कस्तानातल्या अंकारात, कारण वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात. वडील रोनाल्ड मेलर यांचा जन्म आपल्या लखनौचा. म्हणजे इंग्लंडबाहेर जन्मलेल्या बापाचा इंग्लंडबाहेर जन्मलेला मुलगा. दुसरी गोष्ट अधिक दुःखद. त्याचा थोरला भाऊ डेव्हिड नॅशनल फ्रंटच्या नादी लागला होता, आणि १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली. शत्रुपक्ष काय असतो हे स्ट्रमरला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तो त्याच्या घरातच येऊन गेला होता.

१९७९ च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले. २३ एप्रिल रोजी त्यांनी मुद्दाम साउथॉलच्या नगरभवनात सभा ठेवली. साउथॉल निषेधासाठी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी बेदम लाठी चालवली, आणि ब्लेअर पीच हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला शिक्षक डोक्यावरच्या फटक्याने मरण पावला. हा फटका बहुधा पोलिसाचाच होता, असे सांगणारा अंतर्गत अहवाल प्रसिद्ध व्हायला २०१० उजाडले. अटक झालेल्या तरुणांच्या खटल्यांसाठी निधी हवा होता. जुलैमध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात मदतीचे कार्यक्रम झाले, त्यात क्लॅश वाजले. नॅशनल फ्रंटचा एकही उमेदवार निवडून आला नाही. पंतप्रधानपदी मात्र मार्गारेट थॅचर आल्या.

रेनबोनंतर काही आठवड्यांतच क्लॅश ‘लंडन कॉलिंग’च्या ध्वनिमुद्रणाला बसले. ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवूनच पुढचे वाचा.

बँडची अवस्था तेव्हा बिकट होती. व्यवस्थापकाशी काडीमोड झालेला, त्याच्याबरोबर तालमीची जागाही गेलेली, खिशात पैसे नाहीत. पिमलिको भागात एका गॅरेजच्या मागे त्यांनी एक खोली घेतली. रोज दुपारी समोरच्या मैदानात फुटबॉल खेळायचे आणि मग रात्रीपर्यंत वाजवायचे. या तालमींत त्यांनी काय वाजवले? जुनी गाणी. दुसऱ्यांची. रेगे, रॉकाबिली, रिदम अँड ब्लूज. पाटी पुसलेल्या पोरांनी वडीलधाऱ्यांची वही पुन्हा उघडली होती.

निर्माता म्हणून त्यांनी गाय स्टीव्हन्सला बोलावले. हा निवाडा मला फार बोलका वाटतो. स्टीव्हन्स तोवर दारूने खंगलेला, बाजारातून जवळजवळ बाद झालेला माणूस. पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या तरुण मंडळींना अमेरिकेतले कृष्णवर्णीय संगीत ऐकवणाऱ्यांत तो अग्रणी होता. क्लबांत तबकड्या लावायचा, ‘स्यू’ या लेबलसाठी अमेरिकेतली गाणी निवडून ब्रिटनमध्ये आणायचा. थोडक्यात, तो एक चालताबोलता दफ्तरखाना होता. हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत त्याने खुर्च्या भिरकावल्या, शिडी गरगर फिरवली, वाजवता पियानो वाइनने भिजवला. यांतल्या काही पराक्रमांचे चित्रीकरणही उपलब्ध आहे. ध्वनिअभियंता बिल प्राइसने शांतपणे काम केले म्हणून अल्बम निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

पहिले ध्वनिमुद्रित झालेले गाणे ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’, व्हिन्स टेलरचे १९५९ चे. वाजवून झाल्यावर ड्रमवादक टॉपर हेडनने तक्रार केली की शेवटी आपली लय वाढली, पुन्हा घेऊ. स्टीव्हन्सने साफ नकार दिला. रॉक अँड रोलची लय वाढतेच, असे त्याचे म्हणणे. ते तसेच छापले गेले.

आता गाण्यांकडे. सगळ्यांवर बोलत नाही. तीनवर बोलतो, कारण इतिहासाच्या माणसाला त्यांत खणायला जागा आहे.

पहिले ‘राँग एम बॉयो’. याचा उगम सेंट लुइस या अमेरिकन शहरात. १८९५ च्या नाताळच्या रात्री ली शेल्टन या कृष्णवर्णीय माणसाने बिली लायन्स या ओळखीच्या माणसाला गोळी घातली. भांडण टोपीवरून पेटले. एवढीशी बातमी, पण त्यावर लोकगीत रचले गेले, ते तुरुंगांत, बंदरांवर, शेतांत गायले गेले, आणि शेल्टनचा ‘स्टॅगर ली’ झाला. आपल्याकडे पोवाड्यात शिरलेला माणूस जसा कागदपत्रांतल्या माणसापासून वेगळा होत जातो, तसेच. ते गीत समुद्र ओलांडून जमैकाला पोहोचले. १९६७ मध्ये ‘द रूलर्स’ या तिथल्या गटाने त्याची सुरुवात घेऊन पुढे आपलेच गाणे जोडले, आणि त्यात फसवणूक करणाऱ्याला चार शब्द सुनावले. ते किंग्स्टनहून लंडनला आले. १९७९ मध्ये चार पंक मुलांनी ते उचलले.

सेंट लुइस, किंग्स्टन, लंडन. चौऱ्याऐंशी वर्षांत एका खुनाच्या बातमीने केलेला हा प्रवास गुलामांच्या आणि साखरेच्या व्यापाराने आखलेल्या जुन्याच समुद्रमार्गांवरचा आहे. नॅशनल फ्रंट ज्यांना ‘बाहेरचे’ म्हणत होती, त्यांच्याशिवाय या शहराला गाता येत नाही, हे एकाही घोषणेविना सिद्ध होते. वादविवादात मी हा पुरावा दहा भाषणांपेक्षा जड मानीन.

दुसरे ‘स्पॅनिश बॉम्ब्स’. १९७९ च्या उन्हाळ्यात बास्क फुटीरतावादी ‘ईटीए’ संघटना स्पेनच्या पर्यटनस्थळांवर बॉम्ब उडवत होती. ती बातमी कानावर पडली आणि स्ट्रमरचे मन १९३६ मध्ये गेले : फ्रँकोचे बंड, यादवी युद्ध, आणि ग्रानादाजवळ गोळी घालून मारलेला कवी फेदेरिको गार्सिया लोर्का. फ्रँकोला मरून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. स्पेनच्या नव्या लोकशाहीत मागचे उकरायचे नाही, असा सर्वपक्षीय अलिखित करार होता. स्पेन विसरण्याचा प्रयत्न करत असताना लंडनचा एक बँड लोर्काचे नाव घेत होता. गाण्यातले स्पॅनिश मोडकेतोडके आहे. स्पॅनिश येणारे त्यावर हसतात, आणि त्यांना हसू द्यावे. आजची पर्यटकांची विमाने आणि तेव्हाच्या कबरी एकाच ओळीत बसवण्याची त्या गाण्याची युक्ती मात्र कोणत्याही इतिहासकाराने हेवा करावा अशी आहे.

या युद्धाशी मराठी माणसाचा एक खरा धागा आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह. तीसच्या दशकात ते शिकायला लंडनला गेले, आणि तिथून फ्रँकोविरुद्ध लढायला ‘जॉन स्मिथ’ या नावाने स्पेनमध्ये दाखल झाले. १९३८ मध्ये ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि सान पेद्रो दे कार्देन्या इथल्या छावणीत कैद झाले. सुटून भारतात परतल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. ज्या ब्रिटिश बटालियनमधून तिथे स्वयंसेवक लढले, तिला मुंबईत जन्मलेल्या शापूरजी सकलातवालांचे नाव दिले होते. हे पारशी गृहस्थ लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघाचे खासदार होते. ‘लंडन कॉलिंग’ या शीर्षकगीताची चित्रफीत डिसेंबरच्या एका पावसाळी रात्री चित्रित झाली ती टेम्सकाठी, बॅटरसीतच. क्लॅशला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. योगायोगच आहे तो. लंडनच्या प्रत्येक दगडाखाली कोणी ना कोणी परगावचा माणूस निघतो, एवढे त्यावरून दिसते.

तिसरे ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’. लिहिणारा आणि गाणारा बासवादक पॉल सिमोनन. मुखपृष्ठावरचा वाकलेला तरुण तो हाच. दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये कॅरिबियन शेजाऱ्यांत त्याचे बालपणीचे काही दिवस गेले. पोलीस दारावर थडकले तर तू कसा सामोरा जाशील, असा त्या गाण्याचा प्रश्न आहे. त्यातला आयव्हन हा ‘द हार्डर दे कम’ या १९७२ च्या जमैकन चित्रपटाचा नायक, आणि तो बेतला आहे ऱ्हायगिंग या खऱ्या दरोडेखोरावर. ऱ्हायगिंग १९४८ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. विंडरश जहाज निघाले ते याच साली, हे सहज नोंदवून ठेवतो.

दीड वर्षाने, एप्रिल १९८१ मध्ये, ब्रिक्स्टन खरोखर पेटले. तेव्हापासून या गाण्याला ‘भविष्यवाणी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. १८२४ चा एक भटकेविरोधी कायदा होता. नेपोलियनच्या युद्धांनंतर रस्त्यावर आलेल्या बेकार सैनिकांना आवरण्यासाठी केलेला. दीडशे वर्षांनी पोलीस त्याच्याच आधारे नुसत्या संशयावरून कृष्णवर्णीय मुलांना उचलत होते. तरुण त्या तरतुदीला ‘सस’ म्हणत. ब्रिक्स्टनच्या कोणत्याही नाक्यावर तासभर उभे राहणाऱ्याला हे दिसत होते. सिमोननला भविष्य दिसले नाही. त्याने वर्तमान ऐकले. वर्तमानाकडे कान बंद करून बसलेल्यांना मग ते भविष्य वाटले. दंगलीच्याच वर्षी ती तरतूद रद्द झाली.

शीर्षकगीताविषयी थोडक्यात. महायुद्धात बीबीसी व्याप्त युरोपला उद्देशून ज्या शब्दांनी प्रक्षेपण सुरू करी, ते हे नाव. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची अणुभट्टी बिघडली होती, आणि टेम्सच्या पुराची भीती एवढी खरी होती की तिच्यावर अडसर बांधण्याचे काम चालू होते. विजयाच्या काळातली ललकारी उचलून ती संकटाच्या सूचनेसाठी वापरणे ही विलक्षण कल्पना आहे. पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या सुमारास एका विमानकंपनीने हेच गाणे जाहिरातीत वाजवले. बुडत्या शहराचे गाणे पर्यटकांच्या स्वागताला! शब्द न ऐकता नुसती चाल ऐकली की असे होते.

आता मुखपृष्ठाकडे परत येऊ, कारण आपला वाद त्याच्याशीच आहे. सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचे पॅलेडियम थिएटर. तिथे प्रेक्षकांना खुर्चीतून उठून नाचू दिले जात नव्हते. त्या मुर्दाड शांततेला वैतागून सिमोननने गिटार आपटले. छायाचित्रकार पेनी स्मिथ मंचावरच होती. चित्र धूसर आले म्हणून ते वापरू नका, असे ती सांगत होती. स्ट्रमर आणि दौऱ्यावर सोबत आलेला व्यंगचित्रकार रे लाउरी यांनी तिचे ऐकले नाही. इथवरची गोष्ट सगळे सांगतात.

लाउरीने त्या चित्राभोवती अक्षरे कशी मांडली ते पाहा. डावीकडे उभी गुलाबी, खाली आडवी हिरवी. ही मांडणी एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमची आहे, जशीच्या तशी. अडीच वर्षांपूर्वी ज्याला हाकलले, त्याचीच वस्त्रे अंगावर घेऊन हे पुन्हा दारात उभे. तेवढ्या काळात एल्व्हिस वारला होता. तुम्ही टी-शर्टवर पाहता ती प्रतिमा गिटार फोडण्याची आहे आणि तिची चौकट पूर्वजाला केलेल्या नमस्काराची आहे. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय ते मुखपृष्ठ वाचल्यासारखे होत नाही.

एक आक्षेप गंभीर आहे. गोऱ्या मुलांनी कृष्णवर्णीयांचे संगीत उचलले आणि नाव कमावले, यात नवे काय? क्लॅप्टनने तरी दुसरे काय केले? मला फरक दिसतो तो देवघेवीत. क्लॅश उसने घेताना कोणाचे घेतले ते सांगत होते. जमैकन कलावंतांना दौऱ्यांवर सोबत नेत होते. त्या समाजावर लाठी चालली तेव्हा त्यांच्या खटल्यासाठी वाजत होते. तरी हिशेब पुरता मिटत नाही. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला क्लॅशने आपल्या आधी वाजवायला ग्रँडमास्टर फ्लॅश या हिप-हॉपच्या आद्य कलावंताला बोलावले, तर क्लॅशच्याच चाहत्यांनी आरडाओरडा करून, कागदी पेले फेकून त्याला पळवून लावले. बँड ऐकायला शिकला होता, श्रोते तयार व्हायचे होते.

मग प्रभाव कुठे शोधायचा? सन्मानांच्या याद्या लांब आहेत : अमेरिकेत जानेवारी १९८० मध्ये निघाल्याने ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने याला ऐंशीच्या दशकाचा सर्वोत्तम अल्बम ठरवले, २०१० मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने मुखपृष्ठावर तिकीट काढले, २०१९ मध्ये लंडनच्या संग्रहालयाने ते फुटके गिटार काचेत मांडले. हे सारे ठीक. त्यानंतरच्या शेकडो बँडांनी क्लॅशची चामडी जाकिटे आणि रागीट चेहरे उचलले, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

खरे वारस वेगळ्या वाटेने आले. ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’च्या बासची चाल उचलून बनवलेले ‘डब बी गुड टू मी’ १९९० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, आणि एका पिढीने ती चाल नाचघरात ऐकली. पब्लिक एनिमीचा चक डी क्लॅशकडून काय घेतले ते उघड सांगतो; २०१९ मध्ये या बँडच्या इतिहासावरच्या पॉडकास्टचे निवेदन त्यानेच केले. लंडनची तमिळ गायिका एमआयए हिने २००७ मध्ये ‘पेपर प्लेन्स’साठी क्लॅशची धून घेतली, ती धून १९८२ च्या वेगळ्या अल्बममधली, पण रीत तीच. कृष्णवर्णीयांकडून जमैकामार्गे गोऱ्या मुलांकडे आलेली वस्तू पुन्हा स्थलांतरितांच्या मुलांच्या हाती गेली. स्टॅगर लीचा प्रवास चालूच आहे, असे समजा.

ऐकायला बसाल तर एक सुचवतो. आधी रूलर्सचे मूळ गाणे ऐका, मग क्लॅशचे. आधी व्हिन्स टेलर, मग क्लॅश. साधनचिकित्सेचा याहून मजेदार धडा मिळणार नाही. मूळ आवृत्तीच्या मुखपृष्ठावरची यादी तपासली तर अठराच गाणी मोजाल. एकोणिसावे, ‘ट्रेन इन व्हेन’, छपाई झाल्यावर शेवटच्या क्षणी घातले गेले, त्यामुळे त्याचे नाव यादीत नाही. आणि अमेरिकेत सर्वाधिक गाजले ते तेच. कागदावर नाव नाही म्हणून वस्तू नाही असे समजणाऱ्या संशोधकांना हे सांगायला मला आवडते.

स्ट्रमर २२ डिसेंबर २००२ रोजी, पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. ऐंशीच्या दशकात तो ग्रानादात जाऊन राहत असे. २०१३ मध्ये त्या शहराने एका छोट्या चौकाला त्याचे नाव दिले : ‘प्लासेता जो स्ट्रमर’. लोर्काला जिथे मारले तो डोंगरउतार तिथून मोटारीने थोड्याच अंतरावर आहे. २००९ मध्ये तिथे उत्खनन झाले, तेव्हा काही हाती लागले नाही. लोर्काचे अवशेष अजून सापडलेले नाहीत.